सरे काउंटीतली थडगी आणि तिथले मुंबईचे दोन खासदार

बाबा उन्हाळ्यासाठी आमच्याकडे वोकिंगला आले की लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस वगैरे सगळं एकदा बघून झालेलं असतं, त्यामुळे या वेळी त्यांनीच विषय काढला की सकलातवाला इथेच कुठेतरी आहेत ना गं, ते ब्रिटिश पार्लमेंटमधले कम्युनिस्ट खासदार. बाबांची नोकरी परळच्या गिरणीत ऑफिसात झाली, ब्याऐंशीच्या संपाने ती गेली, तेव्हा सकलातवाला हे नाव त्यांच्या तोंडी नवीन नाही, आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं आहे. आणि खरंच, आमच्या घरापासून पुढच्याच स्टेशनवर ब्रुकवुड आहे, तिथल्या दफनभूमीत ते आहेत. मग म्हटलं नुसतं तिथेच कशाला जायचं, मे महिन्याचा बँक हॉलिडे जोडून येतोय, शुक्रवारी रजा टाकते, आणि आपल्या या सरे काउंटीत जे जे राजकारणी मातीत आहेत त्यातले जमतील तेवढे बघून येऊ. नवरा म्हणाला सुट्टीत स्मशानं काय बघता, पण इथली चर्चयार्डं म्हणजे गावाचा इतिहास असतो हो, बाकं असतात, लोक डबा घेऊन बसतात.

शुक्रवार – गिल्डफर्ड आणि मेरो

गिल्डफर्डच्या चढाच्या हाय स्ट्रीटवर अगदी वरच्या टोकाला होली ट्रिनिटी चर्च आहे, लाल विटांचं. आत आर्थर ऑन्स्लोचं स्मारक आहे, रोमन पोशाखात आडवा रेललेला. हा माणूस १७२८ ते १७६१ अशी ३३ वर्षं हाउस ऑफ कॉमन्सचा स्पीकर होता, इतकी वर्षं दुसरं कोणी त्या खुर्चीत बसलेलं नाही. आणि त्याच्या घराण्यातला तो तिसरा स्पीकर, पहिला तर १५६६ मधला. बाबा म्हणाले घराणेशाही काय आपल्याकडेच आहे असं नाही. पण या आर्थरचं एक मला फार आवडलं. त्याच्याकडे नेव्हीच्या खजिनदाराचं मोठ्या कमाईचं पद होतं, ते त्याने १७४२ मध्ये सोडून दिलं, का तर सरकारचा पगार खाऊन सभागृहात निःपक्षपाती राहता येत नाही म्हणून. आजचा स्पीकर पक्षाच्या बाहेर असतो ही जी तिथली रीत आहे ती पक्की करण्यात याचा हात मोठा आहे. आपल्याकडे विधानसभेत अध्यक्षांवरून जे जे होतं ते आठवून बाबा बराच वेळ त्या पुतळ्यासमोर उभे होते.

पण पुरलेला तो इथे नाही. आधी टेम्स डिटनला पुरला आणि नंतर घराण्याच्या जागेत म्हणजे मेरोच्या चर्चमध्ये हलवला. मेरो म्हणजे गिल्डफर्डच्याच कडेचं गाव, बसने दहा पंधरा मिनिटं. चर्च छान आहे, बघण्यासारखं फार नाही. तिथून जवळच क्लॅंडन पार्क, ऑन्स्लोंचा वाडा, तो एप्रिल २०१५ मध्ये आगीत आतून पूर्ण जळाला. या घराण्याचं नाव लक्षात ठेवा, कारण ब्रुकवुडची जमीन यांच्याचकडून घेतलेली आहे.

शनिवार – फार्नम

फार्नमला गेलो ते विल्यम कॉबेटसाठी. मला आधी हा माणूस नावापुरताच माहीत होता, पण जायच्या आधी आठवडाभर वाचत होते आणि वाचता वाचता त्याच्यात गुंतलेच. १७६३ मध्ये इथल्याच एका सरायमध्ये जन्म, वडील शेतकरी आणि सराय चालवणारे, ती सराय अजून आहे, आता तिचं नावच विल्यम कॉबेट, तिथे आम्ही जेवलो. मुलगा शेतात पाखरं हाकत वाढला, पुढे सैन्यात गेला, तिथे अधिकाऱ्यांचे पैशाचे घोटाळे बघून आला, आणि १८०२ पासून पोलिटिकल रजिस्टर नावाचं साप्ताहिक काढलं ते मरेपर्यंत. १८०९ मध्ये ईली गावी पगाराच्या कपातीवरून कुरकुर करणाऱ्या मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक राखीव फौजेच्या, पोरांना फटके मारले, यावर त्याने सणसणीत लिहिलं, झाला राजद्रोहाचा खटला. दोन वर्षं न्यूगेटचा तुरुंग आणि एक हजार पौंड दंड, १८१० मध्ये. तुरुंगातूनही पेपर चालूच ठेवला.

हे ऐकल्यावर कुठल्याही मराठी माणसाला काय आठवणार ते सांगायला नको. १८९७ चा खटला, मग १९०८ चा, मंडाले. बाबा म्हणाले, केसरीवाल्यांच्या शंभर वर्षं आधीचा हा, आणि तोही इंग्रजांच्याच देशात इंग्रजांनीच आत टाकलेला. कायदा तोच, सरकारी मनाला झोंबलं की राजद्रोह.

आणखी एक. तेव्हा वर्तमानपत्रावर इतका स्टॅम्प टॅक्स होता की गरीब माणसाला पेपर परवडायचाच नाही, त्यात सरकारचा हेतू तोच होता. कॉबेटने १८१६ मध्ये युक्ती केली, बातम्या काढून टाकून फक्त मतं असलेला एक कागद दोन पेन्सला विकायला सुरुवात केली, आणि तो पबमध्ये, कारखान्यात जोरजोरात वाचला जायला लागला. सरकार पक्षाचे लोक त्याला दोन पेन्सचा कचरा म्हणायचे, याने तेच नाव मिरवलं. पुन्हा पकडतील असं दिसल्यावर १८१७ मध्ये अमेरिकेला गेला, आणि १८१९ मध्ये परत येताना कोणाची हाडं घेऊन आला माहितीये का, थॉमस पेनची! माणसाच्या हक्कांबद्दल लिहिणारा पेन न्यू रोशेलला एका कोपऱ्यात पुरला होता, कोणी विचारत नव्हतं, याने खणून काढला की मी इंग्लंडमध्ये याचं भव्य स्मारक करणार. स्मारक झालं नाही, पैसे जमले नाहीत, आणि कॉबेटच्या मरणानंतर ती हाडं कुठे गेली कोणालाच सापडली नाहीत. म्हणजे दुसऱ्याला मानाचं थडगं द्यायला निघालेल्या माणसाचं स्वतःचं थडगं आज शाबूत आहे आणि पेनचं कुठेच नाही.

संसदेतली भाषणं छापायचं काम पण यानेच सुरू केलं होतं, पैशाची ओढाताण झाल्यावर १८१२ मध्ये ते छापणाऱ्या हॅन्सर्डला विकलं, आज जगभर संसदेच्या वृत्तांताला हॅन्सर्ड म्हणतात, कॉबेट कोणी म्हणत नाही. स्वतः खासदार झाला तो थेट १८३२ मध्ये, मताधिकार वाढवणारा सुधारणा कायदा झाल्यावर, ओल्डहॅममधून, वय जवळजवळ सत्तर. तीन वर्षांत, जून १८३५ मध्ये गेला.

सेंट अँड्र्यूज चर्चच्या दाराजवळच थडगं आहे, पेटीसारखं, भोवती लोखंडी कठडा. दगडावर पिवळ्या करड्या रंगाचे शेवाळाचे गोल गोल डाग चढलेत, अक्षरं वाचायला बाबांनी बॅटरी तिरकी धरली, तिरक्या उजेडात खोदकामाची सावली पडते आणि पुसट झालेलं वाचता येतं, ही युक्ती त्यांना एका लेणी बघणाऱ्या ग्रुपमध्ये शिकवलेली. शनिवार होता, आत कुठल्यातरी लग्नाची फुलं लावायचं चाललं होतं, फुलांच्या बादल्या कठड्याला टेकवून ठेवलेल्या.

रविवार – ब्रुकवुड

हा दिवस आम्ही पूर्ण ठेवला होता आणि तो पूर्ण लागलाच.

आधी जागेबद्दल सांगते, कारण अशी जागा मी दुसरी बघितली नाही. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये चौदा पंधरा हजार माणसं गेली, शहरातली चर्चयार्डं आधीच इतकी भरलेली की नवं पुरायला जुनं उकरायचे. मग लंडनच्या बाहेर कायमची मोठी जागा हवी म्हणून एक कंपनी निघाली, लंडन नेक्रोपोलिस कंपनी, तिने लॉर्ड ऑन्स्लोकडून वोकिंगजवळचं माळरान घेतलं, दोन हजार एकराहून जास्त, आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये दफनभूमी उघडली. वॉटर्लूहून खास मृतांची रेल्वे सुटायची. त्यातही फर्स्ट, सेकंड, थर्ड क्लास, जिवंतांना आणि मेलेल्यांनाही. नातेवाईकांना रिटर्न तिकीट, शवपेटीला सिंगल. दफनभूमीच्या आत दोन स्टेशनं, एक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, लोकांसाठी आणि एक बाकी सगळ्यांसाठी. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने लंडनचं टर्मिनस उडवलं आणि ती गाडी कायमची बंद झाली.

त्या "बाकी सगळ्यांसाठी" मध्येच आमचं काम होतं. अँग्लिकन चर्चची नसलेली माणसं, नास्तिक, पारशी, मुसलमान, यांना सन्मानाने जागा देणारं इंग्लंडमधलं त्या काळचं हे मोठं ठिकाण, म्हणून तर ही सगळी मंडळी इथे सापडतात.

आजच्या ब्रुकवुड स्टेशनची एक बाजू सरळ दफनभूमीतच उघडते. आत शिरलं की उंचच्या उंच वेलिंग्टोनियाची झाडं, त्याच्या साली हाताला मऊ लागतात, आणि मे महिना असल्यामुळे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले, जांभळे.

पहिलं गेलो चार्ल्स ब्रॅडलॉकडे. लंडनच्या हॉक्स्टनमधला गरीब घरातला माणूस, उघड उघड नास्तिक, १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आला. खासदारकीची शपथ देवाच्या नावाने, हा म्हणाला मी शपथेऐवजी प्रतिज्ञा करतो, नाही म्हणाले, मग म्हणाला बरं शपथ घेतो, तर म्हणाले तू नास्तिक, तुझ्या शपथेला अर्थ काय. जून १८८० मध्ये त्याला पकडून पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात, म्हणजे बिग बेनच्या, एक रात्र कोंडला. जागा रिकामी करायचे, पोटनिवडणूक लावायचे, नॉर्दॅम्प्टनचे लोक, त्यात चांभारकाम करणारे कामगार खूप, परत यालाच निवडून द्यायचे. असं सहा वर्षं चाललं आणि शेवटी १८८६ मध्ये त्याला बसू दिलं. दोन वर्षांनी त्याने कायदाच करून घेतला की ज्याला शपथ नको त्याने प्रतिज्ञा करावी. आज आपले आमदार खासदार "ईश्वरसाक्ष शपथ घेतो की" किंवा "गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की" म्हणतात त्यातल्या दुसऱ्या वाक्यामागे कोण आहे, तर माझ्या मते हा माणूस आहे, निदान वाट याची आहे.

आणि हा आपला माणूस होता. त्याला पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचा खासदार म्हणायचे. नॉर्दॅम्प्टनने निवडून दिलेला माणूस पार्लमेंटमध्ये भारताच्या कारभारावर प्रश्न विचारत बसायचा. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो स्वतः आला, आजारातून नुकताच उठलेला. अध्यक्ष वेडरबर्न होते. परत जाऊन १८९० मध्ये त्याने भारतातल्या कौन्सिलांमध्ये निवडून आलेले लोक असावेत म्हणून बिल मांडलं. ते त्याच्या हयातीत झालं नाही, पण १८९२ चा कायदा आला त्याच्या आधीचा रेटा याचा होता. जानेवारी १८९१ मध्ये गेला, वय फक्त सत्तावन्न.

त्याच्या अंत्यविधीला तीन हजार माणसं आलेली, आणि त्यात बॅरिस्टरीला आलेला एकवीस वर्षांचा मोहनदास गांधी. हे गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय, की लंडनमध्ये असलेला बहुतेक प्रत्येक हिंदी माणूस तिथे गेला होता. परतीच्या गाडीची वाट बघताना स्टेशनवर एक कट्टर नास्तिक एका पाद्र्याला छेडत होता, पृथ्वीचा घेर इतके मैल हे मान्य ना, मग तुझा देव केवढा आणि कुठे राहतो सांग, आणि पाद्री शांतपणे म्हणाला आपल्या दोघांच्याही हृदयात. मी ते बाबांना त्या जागेवरच मोबाईलवरून वाचून दाखवलं. आम्ही तासाभरापूर्वी उतरलो ते स्टेशन आणि हे सगळं एकाच परिसरातलं.

थडग्यावर पूर्वी ब्राँझचा अर्धपुतळा होता, तो फार वर्षांपूर्वी चोरीला गेला, आता नुसता दगड आहे. मला वाईट वाटलं. मुंबईत काँग्रेसच्या इतिहासाचे एवढे सोहळे होतात, याचं नाव तरी कुठे घेतात का.

मग पारसी भाग. इथे जाण्याआधी विचारून घेतलेलं बरं, ती प्रार्थनेची खाजगी जागा आहे, आम्ही विचारलं होतं. १८६१ मध्ये लंडनच्या पारशांनी संस्था काढली, त्यात कामा मंडळी आणि दादाभाई नवरोजी, आणि पुढच्याच वर्षी ही जागा घेतली. इंग्लंडमध्ये दोखमा, म्हणजे पारशी लोक शव ठेवतात तो मनोरा, नाही, तर इथे गेलेल्या माणसाचं काय करायचं हा प्रश्नच होता. तेव्हापासून पारशी इथे आहेत. लोक येतात ते बहुतेक टाटांसाठी. जमशेदजी मे १९०४ मध्ये जर्मनीत बाद नाउहाइमला गेले, त्यांना इथे आणलं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये ज्यांनी उभी केली ते. मुलगे सर दोराबजी आणि सर रतन टाटा पण इथेच. मोठमोठ्या दगडी समाध्या, इराणी थाटाच्या. ते राजकारणी नव्हेत, पण नमस्कार केल्याशिवाय पुढे जाववत नाही, बाबांनी चपला, म्हणजे बूट काढले, मी पण काढले, गवत ओलं होतं.

आता मुख्य गोष्ट. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसलेले मुंबईचे पहिले तीन भारतीय, तिघंही पारशी, तिघंही तीन पक्षांचे. दादाभाई लिबरल, १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी आले, १८९५ ला पडले. ते मुंबईतच गेले, १९१७ मध्ये. उरलेले दोघे इथे ब्रुकवुडला आहेत, एकाच आवारात, आणि राजकारणात दोघांचं एक अक्षर पटलं नसतं.

सर मंचेरजी भावनगरी. १८५१ ला मुंबईत जन्म, एल्फिन्स्टन कॉलेज, भावनगर संस्थानचे मुंबईतले एजंट, मग बॅरिस्टर. १८९५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे बेथनल ग्रीनमधून उभे राहिले, लंडनच्या ईस्ट एंडची गरीब वस्ती, आणि समोर जॉर्ज हॉवेल, गवंडीकाम करून वर आलेला कामगार नेता. त्याला १६० मतांनी पाडलं. १९०० मध्ये परत आले, १९०६ ला पडले. आपल्याकडे काँग्रेसवाले त्यांच्यावर भयंकर चिडून होते, सरकारच्या होला हो करणारा म्हणून नावाची टवाळी व्हायची, आणि ते होमरूलच्या विरोधात होतेच, त्यात काही लपवण्यासारखं नाही. बाबांचं मत तेवढ्यावरच पक्कं होतं, म्हणाले हा सरकारचा माणूस, चल पुढे.

पण मी त्यांना थांबवलं. कारण हाच माणूस दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं प्रश्न विचारत होता, गांधीजी तिकडून त्यांना माहिती पाठवायचे आणि हे वसाहत मंत्र्यांच्या मागे लागायचे. स्वतःच्या पक्षाचं सरकार असताना. भारतात धंदेशिक्षण, तांत्रिक शिक्षण द्या म्हणून पण सारखे बोलायचे. नोव्हेंबर १९३३ मध्ये लंडनला गेले. माझं म्हणणं एवढंच की दादाभाईंचं नाव रस्त्याला दिलं, पुतळा उभा केला, ते योग्यच आहे, पण या माणसाच्या अकरा वर्षांच्या खासदारकीबद्दल आपल्याकडे कोणाला विचारा, कोरी पाटी. पटला नाही तर भांडा त्यांच्याशी, पण आधी माहीत तर करून घ्या! बाबा काही बोलले नाहीत, पण थडग्यावर पडलेली सुकी पानं त्यांनीच बाजूला केली.

आणि मग सकलातवाला. शापुरजी सकलातवाला, जन्म १८७४, मुंबई, आई जेरबाई ही जमशेदजी टाटांची धाकटी बहीण. म्हणजे टाटांचा भाचा. मुंबईत १८९६ ला प्लेग आला तेव्हा हा तरुण प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनबरोबर काम करत होता, वस्त्यांमधून फिरत होता, त्यातून गरिबी काय असते ते पाहिलं. नंतर टाटांसाठी बिहार ओरिसाच्या जंगलात लोखंड आणि कोळसा शोधत हिंडला, म्हणजे पुढे जो पोलादाचा कारखाना झाला त्याच्या पायाच्या कामात. १९०५ ला इंग्लंडला आला, इथल्याच एका कामकरी घरातल्या मुलीशी, सारा मार्शशी, लग्न केलं, आणि हळूहळू डावीकडे डावीकडे जात कम्युनिस्ट झाला. टाटांच्या घरातला माणूस!

१९२२ मध्ये बॅटर्सी नॉर्थमधून लेबरच्या तिकिटावर खासदार. त्याचा निवडणूक एजंट जॉन आर्चर, जो १९१३ मध्ये बॅटर्सीचा मेयर झालेला कृष्णवर्णीय माणूस. १९२३ ला पडला, १९२४ ला कम्युनिस्ट म्हणूनच उभा राहून परत आला. १९२५ मध्ये खासदारांच्या शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेला जायचं होतं तर अमेरिकेने व्हिसा रद्द केला. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी १ मे ला हाइड पार्कमध्ये भाषण केलं की सैनिकांनो कामगार भावांवर गोळी झाडू नका, त्याबद्दल दोन महिने वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात. १९२७ च्या सुरुवातीला भारतात आला, गावोगाव सभा, कामगारांच्या सभा, आणि गांधीजींना जाहीर पत्र लिहून सरळ विचारलं की तुम्ही लोकांना महात्मा म्हणू का देता, पाया का पडू देता, चरख्यापेक्षा कामगार आणि शेतकऱ्यांच्या संघटना बांधा. गांधीजींनी उत्तरही दिलं. पटो न पटो, दोघं बरोबरीने बोलले. तो परत गेल्यावर सरकारने त्याला भारतात यायला बंदी केली आणि मग तो स्वतःच्या मुंबईला परत कधीच येऊ शकला नाही.

बाबांनी इथे गिरणगावातल्या म्हाताऱ्या कामगारांकडून ऐकलेलं सांगितलं, की सकलातवाला आले होते तेव्हा लोक ऐकायला लोटले होते. पुढच्याच वर्षी, १९२८ ला, मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप आणि गिरणी कामगार युनियन. बाबा म्हणाले हे सगळं त्या भाषणांनी झालं असं मी म्हणत नाही, डांगे, मिरजकर ही आपली माणसं राबत होती, पण एक खासदार विलायतेहून येतो आणि चाळीतल्या माणसाच्या पगाराबद्दल बोलतो, याने कामगाराची मान किती वर होते ते तुला कळायचं नाही. मला कळलं असं मी म्हटलं नाही, कारण त्यांचा आवाज बदलला होता.

एक गोष्ट मात्र अशी की त्यामुळे हे थडगं इथे का आहे ते समजतं. १९२७ मध्येच सकलातवालाने आपल्या मुलांचा नवजोत, म्हणजे मुलांना पारशी धर्मात घ्यायचा विधी, लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये केला. पार्टीने त्याला जाहीर फटकारलं, कम्युनिस्ट माणूस आणि धर्माचे संस्कार! त्याने ते ऐकून घेतलं पण पार्टी सोडली नाही आणि पारशीपणही सोडलं नाही. १९२९ ला निवडणूक हरला, जानेवारी १९३६ मध्ये गेला. दहन गोल्डर्स ग्रीनला, आणि रक्षा इथे, आईवडिलांजवळ, मामाच्या समाधीच्या आसपास. त्याच वर्षी स्पेनच्या यादवीत लढायला गेलेल्या ब्रिटिश तुकडीला त्याचं नाव दिलं होतं.

मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तोच माणूस, भांडवलदार घरातला, कामगारांचा, नास्तिकांच्या पार्टीचा आणि अग्निपूजकांच्या मातीतला. आपल्याकडे आज एखाद्याला एका खणात टाकल्याशिवाय चैन पडत नाही, इकडचा की तिकडचा. या माणसाला कुठल्या खणात टाकणार.

संध्याकाळी परतीच्या गाडीत बाबा भावनगरींबद्दल विचारत होते, हॉवेल कोण, मतं किती. पूर्ण रस्ता तोच विषय.

सोमवार – ब्रुकवुडचा मुसलमान भाग आणि वोकिंग

सकाळी परत थोडा वेळ ब्रुकवुड, कारण मुसलमान भाग राहिला होता. तिथे सय्यद अमीर अली आहेत, कलकत्ता हायकोर्टाचे जज्ज, १९०८ मध्ये लंडन मुस्लिम लीग काढली, १९०९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर, म्हणजे भारतातल्या खटल्यांच्या तेव्हाच्या शेवटच्या कोर्टावर, बसलेले पहिले भारतीय. लॉर्ड हेडली इथेच, १९१३ मध्ये मुसलमान झालेले उमराव. आणि मार्माड्यूक पिक्थॉल, त्यांचा मुंबईशी थेट संबंध, १९२० ते १९२४ ते बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक होते, खिलाफत आणि असहकाराच्या ऐन धामधुमीत. एक इंग्रज माणूस मुंबईत बसून इंग्रज सरकारच्या विरोधातला पेपर चालवतो! अब्दुल्ला युसुफ अली पण याच भागात, मुंबईच्या विल्सन कॉलेजचे, आयसीएस, शेवटी १९५३ मध्ये लंडनमध्ये फार विपन्न अवस्थेत गेले. त्यांच्याबद्दल वाचून जीव कळवळतो.

दुपारी वोकिंग. शाहजहान मशीद १८८९ ची, भोपाळच्या बेगमच्या पैशातून, बांधून घेतली डॉ. लाइटनरनी, ते स्वतः ब्रुकवुडला पुरलेले. घरापासून इतकी जवळ असून बाबांनी पहिल्यांदाच बघितली, हिरवा घुमट इंग्लिश पाइन झाडांमध्ये.

तिथून सेंट जॉन्सचं स्मशान, म्हणजे क्रेमेटोरियम, इंग्लंडमधलं पहिलं. जमीन त्याच नेक्रोपोलिस कंपनीकडून घेतलेली. माणूस जाळणं कायद्यात बसतं की नाही हेच इथे ठरलेलं नव्हतं, १८८४ मध्ये वेल्समधल्या डॉ. विल्यम प्राइसवर स्वतःच्या बाळाला दहन दिल्याबद्दल खटला झाला आणि जज्जने सांगितलं की हा गुन्हा नाही, मग मार्च १८८५ मध्ये इथे पहिलं रीतसर दहन. मी बाबांना कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची गोष्ट सांगितली, १८७० मध्ये इंग्लंड बघून परत जाताना फ्लॉरेन्सला वारले, विशीतला पोरगा, आणि तिथे आर्नो नदीच्या काठी दहन करायची परवानगी मिळवावी लागली. इथे आणखी पंधरा वर्षं लागली.

कोणाला जायचं असेल तर, वॉटर्लूहून ब्रुकवुड पाऊण तासाच्या आत होतं, फार्नमही त्याच ऑल्टनच्या लाइनवर आहे म्हणजे एका दिवसात दोन्ही उरकता येईल, पण उरकू नका. दफनभूमी प्रचंड आहे, नकाशा आधीच डाउनलोड करा, पायात चिखलाचे बूट घाला. पारसी भागात आधी विचारून जा, आणि टाटांच्या समाधीपाशी फोटो काढून परत फिरू नका, भावनगरी आणि सकलातवाला तिथेच आहेत. आणि वेळ असेल तर ब्रॅडलॉकडे फुलं घेऊन जा, नास्तिक असला तरी फुलांना त्याची हरकत असेल असं मला वाटत नाही, आम्ही नेली होती, स्टेशनजवळ फुलवाला नाही म्हणून वोकिंगहूनच घ्या.